बंदरावरची ती कौलारू इमारत नक्की कोणाची? (आणि किनाऱ्यावरच्या इतर खुणा)

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी. माझं आजोळ दापोली तालुक्यातलं, किनाऱ्यावरचं मच्छीमारांचं गाव. नाव मुद्दाम देत नाही, कारण ग्रामसभेत विषय तापलाय.

जेटीच्या वरच्या अंगाला एक बसकी कौलारू इमारत आहे. जांभा दगड, मंगलोरी कौलं, तिन्ही बाजूंनी पडवी. एका कोपऱ्यात लाकडी जिना आणि वर छोटी माडी. माडीला समुद्राकडच्या बाजूने नुसत्या खिडक्याच खिडक्या. समोर चुन्याचा चौथरा आणि त्यात रोवलेला उंच लोखंडी खांब. माझ्या आठवणीत तरी ती कायम कुलूपबंद आहे. पडवीत पोरं क्रिकेट खेळतात, अंगणात बायका सुकट वाळत घालतात.

गावात सगळे तिला 'कोस्ट गार्डची बिल्डिंग' म्हणतात. आता ती पाडून पर्यटकांच्या गाड्यांसाठी पार्किंग करायचं चाललंय. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही खरंच कोस्ट गार्डची असेल का? आणि अशा इमारती तुमच्याकडे असतील तर त्यांचं पुढे काय झालं? जाता जाता तुमच्या किनाऱ्यावरच्या इतर जुन्या खुणांबद्दलही लिहा: दीपगृहं, वखारी, बुरूज, काहीही.

अबोली

वाचतेय. फोटो टाका ना.

बोंबील फ्राय

सुकट वाळत घालायला इतकी मोक्याची जागा पाडून पार्किंग? निषेध. तीव्र निषेध.

जकातदार

मी कस्टम खात्यातून निवृत्त झालो, नोकरीचा बराच काळ किनाऱ्यावरच गेला. ताई, वर्णनावरून सांगतो, ही कोस्ट गार्डने बांधलेली नव्हे. भारतीय तटरक्षक दल मुळात १९७७ साली अंतरिम स्वरूपात सुरू झालं आणि १९७८ च्या कायद्याने रीतसर उभं राहिलं. त्या काळात सरकारी खात्यांनी काय बांधलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, सपाट स्लॅब आणि खिडकीवर सिमेंटचा छज्जा. जांभा, पडवी आणि माडी म्हणजे त्याच्या बऱ्याच आधीचं काम.

माझा अंदाज, ही समुद्री जकातीची चौकी. सी कस्टम्स ॲक्ट १८७८ चा. कोकणातल्या लहानमोठ्या बंदरांत तेव्हा गलबतं आणि मचवे माल घेऊन येत, मंगलोरची कौलं, नारळ, मीठ, लाकूड. प्रत्येक तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, कागद दाखवून माल नोंदवावा लागे. खाली कचेरी, पडवीत मालाची झडती आणि वर शिपायाने खाडीच्या तोंडावर नजर ठेवायची. तुमच्या माडीच्या खिडक्या त्यासाठीच.

आता कोस्ट गार्डचं नाव कसं चिकटलं? साठ-सत्तरच्या दशकात सोनं, घड्याळं, ट्रान्झिस्टर, परदेशी कापड, सगळं आखातातून या किनाऱ्यावर उतरायचं. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानंतर तर सोन्याच्या चोरट्या व्यापाराला ऊतच आला. तो कायदा १९९० साली रद्द झाला. कस्टमकडे बोटी मोजक्या आणि धिम्या, समोरच्याकडे वेगवान. समुद्रावर वेगळं सशस्त्र दल हवं ही मागणी यातूनच पुढे आली. नौदलाने हे काम किती करायचं हा प्रश्न होताच, म्हणून के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवर तटरक्षक दल उभं राहिलं. थोडक्यात, तुमची इमारत कोस्ट गार्डची नसली तरी नात्याने आजी लागते.

सिमेंट काँक्रीट

आजी असो की पणजी, कुलूपबंद इमारतीचा उपयोग काय? मी स्थापत्य अभियंता आहे. खाऱ्या हवेत जांभा टिकतो, पण वासे आणि लोखंड टिकत नाही. पडवीत पोरं खेळतात म्हणता, उद्या वासा डोक्यात पडला तर? भावना बाजूला ठेवा आणि आधी ती सुरक्षित आहे का ते तपासा. आणि हो, भरतीरेषेच्या इतक्या जवळ पार्किंगला तरी सीआरझेडची (किनारी बांधकामांवरच्या नियमांची) परवानगी सहज मिळेल असं कोणी समजू नका.

जुना खलाशी

तो लोखंडी खांब! त्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. त्याला वर आडवी दांडी आणि कप्पी आहे का बघा. असेल तर तो बावट्याचा खांब.

पेपरात आपण वाचतो ना, 'बंदरावर तीन नंबरचा बावटा लावला'? तो खरा कापडी झेंडा नसतो. दिवसा शंकू आणि पिंपाच्या आकाराचे सांगाडे वर चढवतात आणि रात्री लाल-पांढरे दिवे. एक ते अकरा अशी ही संकेतांची पद्धत आहे. एक आणि दोन म्हणजे वादळ लांब समुद्रात. तीन म्हणजे तुमच्या बंदरालाच सावधगिरी, चार म्हणजे त्यापुढची पायरी. पाच ते सात धोका, आठ ते दहा मोठा धोका. अकरा म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला. कोकणात पावसाळ्यात तीन नंबर इतका नेमाने लागतो की लोक त्याच्याकडे बघेनासे होतात, हेच त्याचं दुर्दैव.

म्हणजे जकातदार साहेबांची कचेरी असली तरी बंदर खात्याचाही तिथे वावर होता. लहान बंदरात एकाच छपराखाली दोन-तीन खाती नांदत.

खाडीपलीकडे

@जुना खलाशी, आडवी दांडी आहे! कप्पी गंजून चिकटलीय. आम्ही आजवर तो १५ ऑगस्टच्या झेंड्याचा खांब समजत होतो.

@सिमेंट काँक्रीट, तुमचं बरोबर आहे. मामाला सांगून पोरांना तूर्त पडवीतून हलवलंय. पोरं माझ्यावर नाराज आहेत.

वेंगुर्लेकर

आमच्या वेंगुर्ल्याक डच वखार आसा, सतराव्या शतकातली. आधी वखार, मग कचेरी, मग काय नाय. झाडांची मुळां भिंतीत घुसली. संरक्षित स्मारक म्हणून बोर्ड लावलो, पण बोर्डान काय छप्पर राहता? कुलूप लावून ठेवलेली वास्तू आपसूक पडता, तिका पाडूक जेसीबी लागना नाय.

टेम्सकाठचा पुणेकर

धागा आवडला म्हणून थोडं अवांतर. इंग्लंडच्या किनाऱ्यावर भटकताना 'जुनी कोस्टगार्डची घरं' जागोजागी दिसतात. इथलं कोस्टगार्ड १८२२ सालचं आणि तेही मुळात जकात बुडवणाऱ्या चोरट्या व्यापाराला आळा घालायलाच. किनाऱ्यावरचे घोडेस्वार, महसूल खात्याची जहाजं आणि पाण्यावरची गस्त अशी तीन वेगवेगळी दलं एकत्र करून ते बनवलं. जीव वाचवण्याचं काम मागाहून मुख्य झालं.

मला गंमत वाटली ती नेमणुकांची. माणसांना मुद्दाम त्यांच्या मूळ गावापासून लांब पाठवत, कारण गावातल्या गावात ठेवलं तर चोरटा माल आणणारा मेव्हणाच निघायचा. मग या परक्या माणसांना गावात कोणी भाड्याने घर देईना, म्हणून सरकारला त्यांच्यासाठी ओळीने घरं बांधावी लागली. त्यांच्या रोजच्या गस्तीच्या वाटा नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये जोडल्या जाऊन आज ६३० मैलांची पायवाट झालीय. ती इतकी काठाकाठाने का जाते याचं उत्तर हेच. प्रत्येक खाचखळग्यात डोकावून बघायचं होतं ना.

यॉर्कशरमधल्या रॉबिन हूड्स बे नावाच्या मच्छीमार गावात जुनं कोस्टगार्ड स्टेशन थेट धक्क्यावर आहे. आता तिथे नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं माहिती केंद्र चालतं. आणि कॉर्नवॉलमध्ये एक टेहळणीची चौकी खर्च वाचवण्यासाठी बंद केली, तर तिच्याच खालच्या समुद्रात दोन मच्छीमार बुडाले. त्यानंतर १९९४ साली स्थानिकांनी ती चौकी स्वयंसेवकांच्या बळावर पुन्हा उघडली. आज तशा अनेक चौक्या स्वयंसेवक चालवतात, दुर्बीण आणि वही घेऊन.

सिमेंट काँक्रीट

तिकडे निवृत्तीवेतनावर जगणारे हौशी स्वयंसेवक मिळतात. आपल्याकडे कोण बसणार माडीवर?

बोंबील फ्राय

मी बसतो. दुर्बीण नको, लिलावाचा भाव कळला की पुरे.

टेम्सकाठचा पुणेकर

अजून एक, दापोलीचा विषय आहे म्हणून. दक्षिण-पूर्व लंडनमध्ये शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर झाडीत एक तिकोनी मनोरा आहे. त्याचं नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. होय, हर्णैसमोरचा सुवर्णदुर्गच! १७५५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या कमोडोर विल्यम जेम्सने मराठा आरमारप्रमुख तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला. तो १७८३ मध्ये वारला आणि पुढच्या वर्षी त्याच्या विधवेने त्याच्या स्मरणार्थ हा मनोरा बांधला. उंची ६३ फूट. डागडुजी करून २०१४ पासून तो लोकांना बघायला खुला केलाय आणि तीही स्वयंसेवकांच्याच संस्थेने. गच्चीवरून अर्धं लंडन दिसतं. समुद्र मात्र नाही.

इतिहासवेडा

जेम्सने 'घेतला' म्हणताना नानासाहेब पेशव्यांची फौज जमिनीच्या बाजूने सोबत होती हेही लिहा. हर्णैच्या काठावरचे किल्ले मराठी सैन्याने घेतले, समुद्रातला जेम्सने तोफा डागून. किल्ल्यात दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि बाजी फिरली. आपलंच आरमार आपण इंग्रजांच्या हातून बुडवलं.

घाटावरचा

तुळाजी कोणालाच जुमानत नव्हता, हेही लिहा की मग. पेशव्यांना दुसरा मार्ग होता का?

इतिहासवेडा

होता. पुढच्याच वर्षी विजयदुर्गावर काय झालं ते आठवा. आरमार जळून गेलं आणि किल्ला इंग्रजांनी लगेच सोडलासुद्धा नाही.

घाटावरचा

मुंबईकर इंग्रजांनी शब्द पाळला नाही याचा दोष पुण्याला कसा?

व्यवस्थापक

पेशवे विरुद्ध आंग्रे या विषयावर तीन धागे आधीच वाहते आहेत, त्यातले दोन कुलूपबंद. कृपया तिकडे जा. इथे इमारतीबद्दल लिहा.

बोंबील फ्राय

कुलूपबंद धाग्यांत पार्किंग करता येईल का?

दर्याचा राजा

मी हर्णैचा, घरात मासेमारी पिढ्यान्‌पिढ्यांची. इतका वेळ गप्प वाचत होतो.

आमच्याकडे खुणा म्हणाल तर ढीगभर. कनकदुर्गावर दीपगृह आहे, फत्तेगडावर आता आमच्या लोकांची वस्ती, गोवागडाची तटबंदी रस्त्यालगत उभी आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. किल्ल्यावर गेलात तर दरवाजात कोरलेला मारुती आणि पायरीवरचं कासव बघा. पर्यटक चारही किल्ल्यांचे फोटो काढतात. आम्ही ते वेगळ्या कामाला वापरतो.

बाहेरून बंदरात येताना एकट्या खुणेचा उपयोग नसतो, दोन लागतात. जवळची आणि लांबची. समजा, पुढे एक पांढरी भिंत आणि मागे डोंगरावर देवळाचा कळस. दोन्ही एकावर एक आल्या की होडी सरळ वाटेवर. भिंत कळसाच्या डावीकडे सरकली तर खडक जवळ आला. माशांच्या जागासुद्धा अशाच लक्षात ठेवायच्या, दोन खुणा एका बाजूच्या आणि दोन दुसऱ्या बाजूच्या, जिथे रेघा छेदतात तिथे जाळं टाकायचं. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती लांबून पांढराशुभ्र दिसतो, त्याचा आमच्या माणसांना किती आधार होता ते म्हाताऱ्यांना विचारा.

आता मोठ्या बोटींवर जीपीएस आहे, मासे शोधायचं यंत्र आहे. पण लहान होडीवाला आजही डोळ्यांनीच येतो, आणि जीपीएस भिजलं की मोठाही डोळ्यांनीच येतो.

म्हणून खाडीपलीकडे ताईंना एक विचारायचंय. ती इमारत समुद्रातून दिसते का? दिसत असेल तर तुमच्या गावातला कोणीतरी तिची खूण धरत असणार. पाडायच्या आधी ग्रामसभेत फक्त जमिनीवरच्या लोकांना विचारलंय की पाण्यावरच्यांनाही?

अबोली

हा प्रतिसाद दोनदा वाचला.

जुना खलाशी

दर्याचा राजा, सलाम. व्यापारी जहाजांवर आम्हीही हेच शिकलो. नकाशावर अशा जोडखुणांची रेघच आखलेली असते. आणि दीपगृहाचंही तसंच, लोकांना वाटतं नुसता उजेड. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची चाल वेगळी असते. किती सेकंदांत किती झोत ते मोजलं की रात्री कळतं, आपण कोणत्या किनाऱ्यासमोर आहोत. दिवसा ओळखू यावीत म्हणून मनोऱ्यांना रंगांचे पट्टे मारतात. तुमच्या इमारतीच्या समुद्राकडच्या भिंतीला चुना आहे का?

सिमेंट काँक्रीट

जोडखुणेसाठी अख्खी इमारत कशाला? एक पांढरा खांब रोवा, स्वस्तात काम होईल. मी विरोधासाठी विरोध करत नाही. मच्छीमारांना काय हवंय ते आधी बघा, बर्फ, डिझेल, जाळी ठेवायला शेड, गाळ न साचणारी जेटी. त्यांच्या यादीत जुनी कचेरी कितव्या नंबरवर असेल?

दर्याचा राजा

नंबर खालचाच, खोटं कशाला बोलू. जेटी आणि बर्फ पहिले. पण पार्किंग त्या यादीत नाहीच ना दादा! संध्याकाळी लिलावाच्या वेळी टेम्पोला वळायला जागा नसते, ती जागासुद्धा पर्यटकांच्या गाड्या खातात. शेड हवी म्हणता, तर तीन बाजूंनी पडवी असलेली शेड तिथे उभीच आहे. वासे बदला आणि आमची जाळी ठेवू द्या. खाली जाळी, वर माडी, बावट्याचा खांब परत चालू. निसर्ग वादळात, ३ जून २०२०, मोबाईलचे टॉवर गेले, वीज गेली. त्या दिवशी खांबावरचा बावटा तेवढा दिसला असता.

जकातदार

ताई, एक काम करा. सुट्टं पडलेलं एखादं कौल उलटं करून बघा, मागे कारखान्याचा छाप असतो.

खाडीपलीकडे

बघितलं!! इंग्रजीत 'बासेल मिशन' आणि खाली १८६५! म्हणजे इमारत १८६५ ची!

जकातदार

थांबा, थांबा. १८६५ हे मंगलोरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाला ते साल. पुढेही ते छापत राहिले. ते जर्मन-स्विस मिशन असल्यामुळे पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने कारखाने ताब्यात घेतले आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे ते कौल पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंतचं धरा. इमारतीचं वय यावरून ठरत नाही, कौलं दुसऱ्या घराचीही आणून चढवतात. पण कोस्ट गार्डचा दावा आता आणखी कमजोर झाला.

वेंगुर्लेकर

जुनी कौलां फेकू नकात हां. आता तशी गावनत नाय.

नमक हराम नाही

जकातीबरोबर मिठाची शक्यताही तपासा. मीठ खात्याच्या चौक्याही किनाऱ्यावर होत्या. कर चुकवून मीठ निघू नये म्हणून पहारा असे. १९३० साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तो याच कराविरुद्ध. आजूबाजूला जुनं मिठागर होतं का, हे वयस्कर माणसांना विचारा.

लाटांचा नाद

माझी आजी 'रामदास' बोटीची गोष्ट सांगायची. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबई इतकी जवळ, तरी बातमी पोचायला कित्येक तास लागले, कारण बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. वाचले त्यांतल्या अनेकांना मासेमारी होड्यांनी उचललं. कॉर्नवॉलचं वाचून ते आठवलं. किनाऱ्यावर बघणारं कोणी असणं, याला आपण किंमत देत नाही.

टेम्सकाठचा पुणेकर

+१

घाटावरचा

बाकी हर्णैचा लिलाव किती वाजता असतो? या शनिवारी निघतोय.

दर्याचा राजा

संध्याकाळी, बोटी लागतील तसा. गाडी लांब लावा आणि चालत या.

खाडीपलीकडे

उशिराने परत आले, पण माहिती घेऊन. मामाबरोबर भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन मालमत्ता पत्रक काढलं. धारक ग्रामपंचायत नाहीच, केंद्र सरकारचं कस्टम खातं आहे. म्हणजे पार्किंगचा ठराव करून उपयोग नव्हता, जागाच गावाची नाही. सरपंचांना कागद दाखवला. त्यांनाही हे नवीनच होतं, चहा पाजला.

नाव कुठून आलं तेही कळलं. १९९३ ला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं शेखाडी-दिघीला उतरल्यानंतर किनाऱ्यावर गस्त वाढली तेव्हा गणवेशातली माणसं काही दिवस इथे मुक्कामाला होती. पुढे २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर होड्यांची नोंदणी आणि ओळखपत्रांचं शिबिर याच पडवीत भरलं. गावाच्या दृष्टीने गणवेश म्हणजे कोस्ट गार्ड, मग तो कोणाचाही असो.

आणि दर्याचा राजा, तुमचा प्रश्न मी जेटीवर विचारला. तीन तांडेलांनी हसून एकच उत्तर दिलं, माडीची पांढरी भिंत आणि मागचं पिंपळाचं झाड. भिंतीचा चुना दर दिवाळीला ते स्वतःच्या पैशाने मारतात. गावात कोणाला माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

सिमेंट काँक्रीट

ठीक आहे, मग मोजमापं घेऊन टाकू. मी दापोलीला येतो अधूनमधून. वाशांची तपासणी आणि अंदाजपत्रक फुकट करून देईन. पण खात्याची लेखी परवानगी आधी हवी, कुलूप तोडून मी आत जाणार नाही.

जकातदार

अर्जाचा मसुदा मी लिहून देतो. वापराचा प्रस्ताव सोबत जोडा, जाळ्यांची शेड आणि बावट्याचा खांब. नुसतं 'जतन करा' असं लिहिलं की फाईल झोपते. मच्छीमार सोसायटीच्या लेटरहेडवर द्या, एकट्याच्या नावाने नको.

बोंबील फ्राय

सुकट वाळवण्याचा हक्कही प्रस्तावात घाला. मी गंभीर आहे.

दर्याचा राजा

मोजमापं जूनमध्ये घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तुमच्या तांडेलांना तेव्हाच वेळ असतो. पाऊस असेल, पण छप्पर नक्की कुठे गळतं ते पावसातच कळेल. ताडपत्री मी हर्णैहून पाठवतो.